कॉलेजचे क्रेडिट मोजतात कसे आणि वेळेआधी कमवायचे कसे

मागच्या वर्षी एफवायच्या पहिल्या सेमचा रिझल्ट लागला आणि रात्री साडेदहाला भाचीचा फोन, मामा मला सगळ्यात चांगले मार्क आहेत, कशातच नापास नाही, पण खाली २२ पैकी २० क्रेडिटच दाखवतायत. म्हटलं मार्कशीटचा पूर्ण फोटो पाठव. पाठवला. तळाशी सीसी म्हणून एक ओळ, २ क्रेडिट, आणि समोर गैरहजर. सीसी म्हणजे को-करिक्युलर, त्यात एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, सांस्कृतिक असं काहीतरी एक निवडायचं असतं. बाईसाहेबांनी एनएसएसचा फॉर्म भरला होता आणि नंतर एकदाही तोंड दाखवलं नव्हतं, कारण काय तर "तो कुठे खरा विषय आहे मामा".

तर आहे. २ क्रेडिटचा आहे. आणि डिग्रीच्या हिशोबात ते २ क्रेडिट भौतिकशास्त्राच्या २ क्रेडिटइतकेच जड आहेत, ते आले नाहीत तर बाकी सगळीकडे पहिला नंबर असला तरी डिग्री अडकते. तिला हे समजावता समजावता लक्षात आलं की आपल्याकडे क्रेडिट हा शब्द सगळे वापरतात पण तो मोजतात कसा हे मुलांनाही माहीत नाही, पालकांना तर नाहीच नाही, आणि काही ठिकाणी ऑफिसातल्या क्लार्कलाही नाही. म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय. हे मुख्यतः महाराष्ट्रातल्या बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांसाठी आहे, म्हणजे जिथे एनईपी (नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण) लागू झालंय तिथे. स्वायत्त कॉलेजांत ते २०२३-२४ पासून आणि विद्यापीठाला जोडलेल्या बाकी कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं.

मार्क सांगतात तुम्हाला किती येतं, क्रेडिट सांगतं तुम्ही त्या विषयाला किती तास दिले. इतकंच. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सेममध्ये १५ तास वर्गात शिकवणं. सेम साधारण १५ आठवड्यांची धरतात, म्हणून सोपा हिशोब असा की १ क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास. प्रॅक्टिकलला मात्र दुप्पट, १ क्रेडिटला ३० तास, म्हणजे आठवड्याला दोन. आता समजा तुमचा ४ क्रेडिटचा विषय आहे, त्यात ३ थिअरी आणि १ प्रॅक्टिकल, तर आठवड्याला ३ आणि २ मिळून ५ तास जाणार. दुसऱ्या कोणाचा नुसता थिअरीचा ४ क्रेडिटचा असेल तर त्याचे चारच तास. सायन्सची पोरं संध्याकाळपर्यंत लॅबमध्ये आणि आर्ट्सची दुपारी घरी, तरी दोघांचे क्रेडिट सारखे, ते यामुळे.

इथे एक गोंधळ होतो तो आधीच सांगतो. २०२३ साली राष्ट्रीय क्रेडिट फ्रेमवर्क आलं त्यात १ क्रेडिट म्हणजे ३० तास असं लिहिलंय, आणि मग कोणीतरी म्हणतं बघा, १५ नाहीच, ३० आहेत. दोन्ही बरोबर आहे. त्या ३० मध्ये वर्गातला वेळ, घरचा अभ्यास, असाइनमेंट, परीक्षेची तयारी सगळं धरलंय. वर्षाचे १२०० तास, म्हणून वर्षाला ४० क्रेडिट.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या डिग्रीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० क्रेडिट सांगितलेत. महाराष्ट्रात बऱ्याच विद्यापीठांनी सेमला २२ ठेवलेत, म्हणजे वर्षाला ४४, तीन वर्षांना १३२ आणि चारला १७६. तुमच्याकडे २० आहेत की २२ ते विद्यापीठाच्या स्ट्रक्चरमध्ये बघा, पीडीएफ वेबसाईटवर असते, कंटाळवाणी असते, पण ते पहिलं पान मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवाच, पुढे दहा वेळा लागतं.

त्या पीडीएफमध्ये एक मोठा तक्ता असतो आणि त्यात मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी असली अक्षरं भरलेली असतात. घाबरू नका. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा, ओई म्हणजे दुसऱ्या शाखेतला आवडीचा, व्हीएससी आणि एसईसी म्हणजे कौशल्याचे कोर्स, एईसी म्हणजे भाषा, व्हीईसी म्हणजे मूल्यशिक्षण, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष काम करून शिकणं. महत्त्वाचं हे की प्रत्येक रकाना वेगळा भरावा लागतो. मेजरमध्ये १० क्रेडिट जास्त झाले म्हणून ते सीसीत ढकलता येत नाहीत. एकूण बेरीज १३२ झाली आणि एक रकाना रिकामा राहिला तरी डिग्री नाही. भाचीचं नेमकं हेच झालं होतं.

आता ग्रेड. दहाची स्केल असते, ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, असं खाली पी ला ४, आणि नापास शून्य. एसजीपीए, म्हणजे त्या सेमची सरासरी, काढताना प्रत्येक विषयाचे ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणतात, सगळं जोडतात आणि एकूण क्रेडिटने भागतात. समजा मेजर ४ क्रेडिट, बी प्लस आला, ७ चोक २८. ओई २ क्रेडिट, ओ आला, २०. एईसी २ क्रेडिट, ए प्लस, १८. बेरीज ६६, भागिले ८, एसजीपीए ८.२५. नुसती सरासरी काढली असती तर ८.६७ वाटलं असतं, म्हणून पोरांना वाटतं विद्यापीठाने मार्क खाल्ले. खाल्ले नाहीत. आणि याच हिशोबात अभ्यास कुठे लावायचा तेही दिसतं, मेजर एक ग्रेड वर नेलात तर ८.२५ चे ८.७५ होतात, एईसी एक ग्रेड वर नेलात तर फक्त ८.५०. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मला तरी हे गणित सगळ्यात कामाचं वाटतं.

केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर त्या विषयाचे क्रेडिट जमा होत नाहीत, पास झालात की होतात. अर्धे क्रेडिट वगैरे प्रकार नसतो.

हे क्रेडिट ठेवतात कुठे, तर अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, एबीसी म्हणतात, २०२१ साली सुरू झाली. डिजिलॉकरमधून तिचा आयडी काढायचा, १२ आकडी असतो, हल्ली तो अपार आयडी म्हणूनच मिळतो. नाव बँक असलं तरी तुम्ही स्वतः जाऊन त्यात काही भरू शकत नाही, भरणार कॉलेज किंवा विद्यापीठ, तुम्ही फक्त बघायचं. क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतात, आणि एकदा एखाद्या डिग्रीसाठी वापरले की वजा होतात, तेच क्रेडिट दाखवून दुसरी डिग्री घेता येत नाही.

आणि इथे आपल्या नावांची भानगड येते. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, काही ठिकाणी शेवटी आईचंही. आधारवर स्वतःचं नाव आधी, आडनाव शेवटी, त्यात कोणी वडिलांचं नाव पूर्ण लिहिलेलं, कोणी नुसतं पहिलं अक्षर. नाव, जन्मतारीख जुळली नाही की क्रेडिट लटकतात, आणि लटकले तर कोणी फोन करून सांगत नाही. दर सेमचा रिझल्ट लागला की महिन्याभराने एबीसीत लॉगिन करून बघायचं, नसेल दिसत तर तेव्हाच अर्ज टाकायचा. टीवायच्या शेवटी सहा सेमचं एकदम निस्तरायला गेलात तर ऑफिसच्या खिडकीसमोर तुमच्यासारखे दोनशे जण उभे असतात.

बरं, आता वेळेआधी कसे कमवायचे.

सगळ्यात सरळ रस्ता स्वयम्. केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, २०१७ पासून चालू आहे, शिकायला फुकट, परीक्षेची फी वेगळी. जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रं असतात. २०२१ च्या यूजीसी नियमाप्रमाणे एका सेममधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् वरून करून त्यांचे क्रेडिट लावता येतात. त्यातलेच एनपीटीईएलचे कोर्स आयआयटी आणि आयआयएस्सी बंगळुरूचे प्राध्यापक चालवतात. ४ आठवड्यांचा असेल तर १ क्रेडिट, ८ चा २, १२ चा साधारण ३, कधी ४ पण असतो, कोर्सच्या पानावर लिहिलेलं असतं.

एनपीटीईएलमध्ये पास व्हायचं गणित नीट समजून घ्या कारण बरेच जण इथेच आपटतात. २५ मार्क असाइनमेंटचे, ७५ परीक्षेचे. दर आठवड्याला एक असाइनमेंट, १२ आठवड्यांच्या कोर्सला त्यातल्या सगळ्यात चांगल्या ८ धरतात, म्हणजे चार बुडाल्या तरी चालतं. परीक्षा मात्र घरी बसून नाही, सेंटरवर जाऊन द्यायची. आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०. भाचीच्या मैत्रिणीला असाइनमेंटमध्ये २४ होते, परीक्षेत २८, बेरीज ५२, आणि तरी सर्टिफिकेट नाही, ती बिचारी महिनाभर सगळ्यांना विचारत होती की ५२ ला नापास कसं करतात. असाइनमेंटचे प्रश्न ग्रुपवर फिरतात, २४ कोणालाही पडतात, खरा कस त्या ७५ मध्ये लागतो.

पण आधी कोर्स केला आणि मग कॉलेजला सर्टिफिकेट दाखवलं असं करू नका. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं जमलं असतं तर. क्रेडिट देणारा एक असतो आणि स्वीकारणारा दुसरा, आणि शेवटचा शब्द स्वीकारणाऱ्याचा. कॉलेज दर सत्राला मान्य कोर्सची यादी काढतं किंवा काढायला हवी, तुमचा कोर्स त्यात नसेल तर सर्टिफिकेटला फ्रेम करून घरात लावा, क्रेडिट नाही मिळणार. म्हणून नाव नोंदवायच्या आधी अर्ज. असा काहीतरी:

"मा. प्राचार्य, मी एसवाय बीएस्सीत शिकते. जुलै सत्रात मी स्वयम् वरील अमुक हा १२ आठवड्यांचा, ३ क्रेडिटचा कोर्स करू इच्छिते. तो तिसऱ्या सेममधील ओईच्या बदली धरला जाईल का, धरल्यास किती क्रेडिट मिळतील आणि मार्कांचे ग्रेडमध्ये रूपांतर कसे होईल, हे कृपया लेखी कळवावे."

दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, फोटो काढून ठेवा. तोंडी "हो हो होऊन जाईल" म्हणणारे सर पुढच्या वर्षी दुसऱ्या डिपार्टमेंटला असतात.

दुसरा रस्ता सुट्टीचा. ओजेटी किंवा इंटर्नशिपला १ क्रेडिट म्हणजे ३० तास काम, ४ क्रेडिटला १२० तास. रोज ८ तास धरले तर १५ दिवस झाले. मे महिन्यात हे सहज उरकतं, मग सेम चालू असताना लेक्चर सांभाळून धावपळ नाही. फक्त कुठल्या सेमच्या रकान्यात ते धरणार आणि त्या सुट्टीत केलेलं चालतं का हे आधी विचारा, आणि हजेरीचं पत्रक रोज भरा, रोज म्हणजे रोज, शेवटच्या दिवशी १५ सह्या एकाच पेनाने केलेल्या कोणालाही ओळखू येतात. याच सुट्टीतल्या कामाचा आणखी एक उपयोग आहे, पहिल्या वर्षानंतर काही कारणाने शिक्षण थांबवावं लागलं तर वर्षाचे क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचं स्किल किंवा इंटर्नशिप केलं की यूजी सर्टिफिकेट मिळतं, दोन वर्षांनी तसंच करून डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत येता येतं. घरची परिस्थिती बिघडलेल्या मुलांना हे कोणी सांगत नाही, ती सरळ कॉलेज सोडून देतात आणि हातात कागद काहीच नसतो.

तिसरा रस्ता मोजक्यांचा. यूजीसीने २०२४ च्या शेवटी एडीपी आणली, म्हणजे दर सेमला जास्तीचे क्रेडिट उचलून डिग्री लवकर संपवणं. तीन वर्षांची एक सेम आधी, चार वर्षांची दोन सेमपर्यंत आधी. कॉलेजला मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंत मुलं अशी घेता येतात, पहिल्या किंवा दुसऱ्या सेमनंतर एक समिती तुमची तयारी बघून ठरवते. अभ्यासक्रम तोच, एकूण क्रेडिट तेवढेच, फक्त दमछाक जास्त. माझं स्पष्ट मत, एक सेम वाचवायला २२ च्या जागी २७ ते ३० क्रेडिट ओढायचे आणि सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमची मिळून सरासरी, खाली आणायचा यात बहुतेकांचा तोटाच आहे, पुढे एमबीए किंवा नोकरीत सहा महिने कोणी विचारत नाही, सीजीपीए विचारतात. ज्याला खरंच सहज जमतंय त्याने जरूर करावं. याचंच उलट ईडीपी पण आहे, कमी क्रेडिट घेऊन दोन सेमपर्यंत जास्त वेळ लावायचा, नोकरी करून शिकणाऱ्यांना खरी गरज त्याची आहे, पण बोलबाला सगळा एडीपीचा.

अकरावी-बारावीतल्यांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. नव्या फ्रेमवर्कमध्ये शाळेलाही क्रेडिट आहेत, पण त्यांची पातळी वेगळी, बारावी ४ वर संपते आणि डिग्रीचं पहिलं वर्ष ४.५ वर असतं, त्यामुळे बारावीचे क्रेडिट एफवायला लावा असं होत नाही. स्वयम् चा कोर्स अकरावीतला मुलगाही करू शकतो, शिकायला कोणी अडवत नाही, पण पुढे कॉलेज तो धरेलच असं समजून करू नका. खात्रीचा पर्याय म्हणजे आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस, २०२० ला सुरू झाला, त्याची पात्रता परीक्षा अकरावीनंतरच देता येते आणि बारावी पास झालात की थेट शिकायला सुरुवात. फाउंडेशनला ३२ क्रेडिट, पूर्ण बीएसला १४२, मध्ये डिप्लोमा घेऊन बाहेर पडायचीही सोय. आणि २०२२ पासून दोन डिग्र्या एकदम करायला परवानगी असल्यामुळे इथलं कॉलेज चालू ठेवून तो करणारे बरेच आहेत. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर घेणं हा तर आपल्याकडचा जुना जाणता मार्ग, नवी नावं येण्याच्या कितीतरी आधीपासून पोरं तो वापरतायत.

अमेरिकेला जायचं असेल तर तिथे एपी म्हणून शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा असतात, मे महिन्यात होतात, भारतातही देता येतात, १ ते ५ मध्ये गुण मिळतात आणि बरीच विद्यापीठं किमान ३ किंवा ४ असतील तर क्रेडिट देतात, काही नामांकित मात्र अजिबात देत नाहीत. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट, तीन वर्षांचे १८०. म्हणून आपले १२० त्यांच्यासमोर कमी दिसतात. मोजमापच वेगळं आहे, ट्रान्सक्रिप्टसोबत एका क्रेडिटला किती तास हे लिहिलेलं विद्यापीठाचं पत्र जोडा, नाहीतर तिकडचा माणूस नुसता आकडा बघून एक वर्ष जास्त लावतो.

एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की डिग्री देणाऱ्या संस्थेतच किमान ५० टक्के क्रेडिट कमवावे लागतात, शेवटच्या वर्षाला उडी मारून मोठ्या नावाची डिग्री घेऊ असा विचार असेल तर तो सोडा.

भाचीचं पुढे काय झालं तर सीसीचे २ क्रेडिट तिने पुढच्या संधीला भरून काढले, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर करून आली, आता तिथली लीडर आहे. मग जोर चढला आणि ओईच्या बदली १२ आठवड्यांचा स्वयम् कोर्स केला, अर्ज, शिक्का, फोटो सगळं नीट, परीक्षेत ६१ मार्क. सर्टिफिकेट ३ क्रेडिटचं आणि ओईचा रकाना फक्त २ चा. दोनच धरले. ८ आठवड्यांचा घेतला असता तर तेवढेच मिळाले असते आणि चार रविवार मोकळे गेले असते, पण रकाना किती क्रेडिटचा आहे हे तेवढं बघायचं राहिलं, तिचंही आणि माझंही.